बाकी

रत्नागिरीची रातराणी स्वारगेटला पाचला आणून टाकते.
रास्ता पेठेत तेव्हा जागे फक्त दूधवाले
आणि मिल्काबाई राजपूरकरांचा माडीवरचा दिवा.
पहिल्या खेपेला, चौकटीवर तिरकी ठोकलेली पितळी डबी
बेल समजून मी दाबत राहिलो.
आतून आवाज: ते देवाचं आहे. बेल डावीकडे,
आणि ती बंद आहे. कडी वाजवा.

कमानीवर १९११ कोरलंय. शेवटचा एक
रंगाऱ्यानं चुन्यात बुजवला,
म्हणून घर आता १९१ सालचं.
खोल्यांना आकडे नाहीत, गावं आहेत:
नागाव, थळ, रेवदंडा
आणि जिन्याखालची झिराड.
मला नेहमी झिराड. स्वस्त पडते, आणि
डोकं आपटायची जागा एकच, ती पाठ झालीय.

"आमचे आजे तिकडं तेलाचा घाणा चालवायचे," त्या म्हणाल्या,
"शनिवार सोडून. आम्ही काय, इथंच जन्मलो.
समुद्र नुसता दारांवर लिहिलाय."
मी समुद्राकडून आलेला माणूस,
काहीतरी बोलायला हवं होतं.
म्हणालो, आमच्याकडे दमट फार.

नाश्ता साडेआठ. म्हणजे साडेआठच.
आमलेट, पाव, पेरूची जेली,
सुरी उलटी धरली तरी न पडणारी.
समोर कुठलंसं जोडपं फरशीच्या नक्षीचे फोटो काढत असतं,
जेली तशीच ठेवून.

मी वजनकाटे दुरुस्त करतो.
मिरकरवाड्यातल्या खाऱ्या हवेत
मासळीचे काटे हळूहळू खोटं बोलायला लागतात.
त्यांच्या स्प्रिंगा, पारडी, साखळ्या
बोहरी आळीत मिळतात, शुक्रवारी दिवसभर हिंडून.
त्या पहिल्या शुक्रवारी परतलो तेव्हा दिवे लागले होते,
दोन, पांढऱ्या कापडावर.
मी पाकीट काढलं. त्यांनी हात मागे घेतले,
जसं काही मी गरम तवा पुढे केला होता.
"आता उद्या रात्रीपर्यंत पैशाला शिवायचं नाही."
उद्या सकाळी सातला माझी गाडी.
"मग पुढच्या वेळी द्या."
रविवारी कधीतरी त्यांनी वहीत लिहिलं असणार:
झिराड, एक रात्र, बाकी.

पुढच्या वेळी मागची बाकी दिली, येताच.
त्या रात्रीची राहिली.
तेव्हापासून हे असंच.
सात वर्षं, दर दोन महिन्यांनी,
माझ्या नावावर बरोबर एक रात्र.
ग्रॅमचा फरक पकडणारा मी,
हा काटा कधी शून्यावर आणला नाही.

आज सकाळी जेलीची बाटली पुढे सरकवत त्या म्हणाल्या,
"एक तारखेपासून पाहुणे बंद. गुडघे ऐकत नाहीत.
नागावात भाची राहायला येतेय, बाकीच्यांना कुलूप."
आणि मग, वही मिटता मिटता,
"आज जरा लवकर या. हिशेब पुरा करू."

स्प्रिंगा साडेतीनलाच मिळाल्या.
पिशवी पायाशी ठेवून
नाना पेठेच्या कोपऱ्यावर मी तिसरा चहा घेतोय.
नोटा खिशात मोजून वेगळ्या ठेवल्यात.
टपरीवाला विचारतो, कुणाची वाट बघताय का?
पत्र्यावर अजून ऊन आहे,
बोटभर असेल.