खाणीचा नकाशा

आवाज कागदावर वरून खाली उतरतो:
वर कुजबुज, मध्ये बोलणं, तळाशी घणाचे घाव.
टिंब जितकं खाली, तितका कान बंद.
ओरुरोच्या या दवाखान्यात मी हे रोज सांगते.
जूनमध्ये इथे नळातलं पाणी गोठतं,
हेडफोन कुणाच्या कानाला लावण्याआधी
मी ते तळहातांत धरून कोमट करते.

एलेउतेरियो चोकेने मी सांगायच्या आतच
कागद स्वतःकडे ओढला.
"अहो, हा तर आमच्या खाणीचा नकाशा."
रेघेवर काळं नख.
"इथवर सपाटीने चालत गेलो.
इथे चार हजारांपाशी विहीर,
मग थोडं वर."
बावीस वर्षं ड्रिल त्याच खांद्याला टेकलेलं,
कानात कापूस, तोही साहेब येणार असले की.
आता शब्दांतले काटे गेलेत, गर उरलाय.
बायको काय म्हणाली ते कळतं,
कशाबद्दल म्हणाली ते नाही.

मग सातुर्निनाचा कागद. चार वर्षांची.
सगळी टिंबं तळाला, नव्वद, शंभर,
आणि शेवटच्या टिंबाला खाली जाणारा बाण:
इथेही उत्तर नाही.

बासिलिया भिंतीला टेकून उभी होती.
तिसऱ्या महिन्यात तीन दिवस ताप, अंगावर गुलाबी पुरळ.
लसवाले गावात आले त्या दिवशी
ती लामा घेऊन डोंगरावर होती.
"मी पोटुशी असताना खाणीच्या तोंडापाशी गेले होते,
सासू म्हणते, म्हणून."
नाही, मी म्हटलं. दोनदा म्हटलं.
तिला चांगलं ऐकू येतं,
तरी ते आत पोचलं की नाही, कुणास ठाऊक.

"म्हणजे पोर कितव्या पातळीवर?"
सगळ्यात खालच्या.
तो बराच वेळ बाणाकडे बघत राहिला.
"तिथं मी रोज जातो.
तिथं कोण बोलतंय?
ड्रिल सुरू असताना दिवा बोलतो.
आडवा हलवला, थांब. दोनदा खाली, दगड येतोय.
गोल फिरवला, सुरुंग पेटलाय, पळ."

पिशवीतून शिरस्त्राणावरचा दिवा काढून
त्याने काचेपलीकडे आडवा हलवला.
चाळीस मिनिटं माझ्या एकाही शिट्टीला, घंटेला
जिने मान वळवली नव्हती,
ती हातातला ठोकळा तसाच धरून थांबली.

"घरी खेळतो आम्ही असं," तो ओशाळून म्हणाला.
"हे बोलणं धरतात का?"

माझ्या फॉर्मवर रकाने आहेत:
डावा, उजवा, तीव्रता, कारण.
मी पेन उघडं ठेवून बसले.

तेवढ्यात सातुर्निना बाहेर आली,
बापाच्या हातातून दिवा घेतला
आणि गोल फिरवला.

एलेउतेरियो पळाला.
खुर्ची पाडून, जाड बुटांनी,
पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत.

ती हसली.
चालू राहिलेल्या माझ्या यंत्राची सुई
लाल पट्ट्यात जाऊन थरथरत राहिली.