साठावा दिवस

तिसऱ्या मजल्यावर दिवे मंद ठेवतात.
दार आपटायचं नाही, टाचा वाजवायच्या नाहीत,
कुजबुजसुद्धा बेतानं.
मी तळघरात बसते, बिलं करते.
वर जाते ती सहीपुरती.

आज गेले डेलफीच्या सहीसाठी.
डेलफी मुलन्स, वय बावीस,
वेस्ट व्हर्जिनियातल्या बंद पडलेल्या एका खाणगावची.
तिच्या बाळाला अजून नाव नाही,
विम्याच्या कार्डावर नुसतं: मुलन्स, बाळ, मुलगा.

ते शिंकत होतं. ओळीनं सहा वेळा.
जांभई, परत शिंक, मुठी थरथर,
आणि रडणं कसलं ते,
पत्र्यावरून खिळा ओढावा तसं.
नर्स दर तीन तासांनी गुण मांडते:
शिंकांना एक, थरथरीला तीन.
इथं जास्त गुण मिळाले की नापास.
मग जिभेवर मॉर्फिनचा थेंब,
कालच्याहून जरा लहान.

थेंबाला कोड आहे.
खाटेला आहे, रात्रीगणिक.
डेलफी त्याला सदऱ्याच्या आत, उघड्या छातीशी
धरून बसली होती सकाळपासून,
नऊ तास.
दुपारचा थेंब लागलाच नाही, नर्स म्हणाली.
खाली येऊन मी सगळं पुस्तक चाळलं.
नऊ तासांना कोड नाही.

माझ्या भावाची पाठ खाणीत गेली
तेव्हा डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या,
नव्वदची बाटली, दर महिन्याला,
त्यांना होता.
तो मीच टाकला होता. अजून पाठ आहे.

आईचं कार्ड साठाव्या दिवशी बंद.
बाळाचं वर्षभर चालेल.
एकाच खुर्चीत दोघं,
सरकार ओळखणार एकाला.
जिभेखाली विरघळणारी जी पट्टी
तिला रोज सकाळी उभी करते,
ती एकसष्टाव्या सकाळी कोण देणार,
हे फॉर्मवर विचारलेलं नाही.
मी सांगायला हवं होतं.
मी म्हटलं, इथं, आणि मागच्या पानावर.

तिला हात मोकळा हवा होता.
"जरा घ्याल?"
मी एकोणीस वर्षं इथं आहे,
एकही मूल उचललं नव्हतं.
दोन पिशव्या साखरेएवढं वजन,
आणि आतून सगळं गुणगुणतंय,
विजेच्या तारेसारखं.

ती सावकाश सही करत होती, पूर्ण नाव, शाळेत शिकवल्यासारखं.
तो माझ्या दंडाशी शिंकला.
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.
नर्सची पाठ होती.
मी काही बोलले नाही.