खाचा

पेट्रोलचा काटा मेलाय.
त्याला मी हात लावला नाही.
बाकी सगळं उघडलं.

आठ महिने, वर्तकनगर, स्टिल्टमधला स्लॉट अकरा.
सेक्रेटरी ताम्हाणे रोज सकाळी येत,
फरशीवरच्या तेलाच्या डागाशी बोलल्यासारखे म्हणत,
"कुंदाताई, हे भंगार कधी चालतं होणार?"
"चालतं व्हावं म्हणूनच तर चाललंय," मी म्हणे,
गाडीखालून, तोंडात पाना धरून.

कोलशेत रोडवरच्या रंगाच्या कंपनीची पिकअप ही.
कंपनी गेली, अठ्ठावीस मजले उभे राहिले,
हिला भंगारवाल्याने वजनावर घेतली
आणि मला वजनावरच विकली.
पुढे नाक नाही. इंजिन दोन सीटच्या मधे,
पत्र्याच्या झाकणाखाली,
तापलं की डावी मांडी शेकते.
तळाचा पत्रा इतका गंजलेला
की ब्रेक मारताना रस्ता दिसावा.

मी शिवणयंत्रं दुरुस्त करते. तीस वर्षं.
सुई खालून वर निघते तेव्हा
शटलच्या टोकाने तिला केसभर अंतरावर गाठायचं,
नाहीतर टाका सुटतो.
इंजिनाचंही तेच निघालं.
पिस्टन पुरता वर पोचायच्या जरा आधी
ठिणगी पडायला हवी.
"जरा म्हणजे किती?"
वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्या ढवळ्यांना विचारलं.
ते म्हणाले, "मुहूर्ताच्या आधी अंतरपाट धरतात ना,
तेवढं."

उंदरांनी वायरिंग खाल्लेलं. नवं ओढलं.
ब्रेकचे सिलिंडर, किंगपिन, रेडिएटरची एक बाजू.
सीट मीच शिवली, चामड्याच्या मशिनवर, दुहेरी टाका,
आणि जुनं कव्हर उसवताना
सीटखाली सापडली बांबूची कांडी.
हातभर. बोटांनी गुळगुळीत झालेली.
तिच्यावर खाचा,
खाचेशेजारी खिळ्याने कोरलेलं:
कळवा. मुंब्रा. भिवंडी.
अगदी टोकाशी पनवेल.
आणि खाली, ज. वैती.

म्हणजे त्यांच्याही वेळी काटा मेलेलाच होता.

बाळकुमला गेले विचारत विचारत.
जनू वैती ओट्यावर जाळ्याची दोरी सोडवत बसलेले.
कांडी हातात घेतली,
आधी हुंगली,
मग अंगठा फिरवत खालपासून वर गेले,
गावं न वाचता.
मी म्हटलं, एवढ्या पेट्रोलात कळव्याला पोचायचात?
"जाऊन येऊन धरलंय गो.
निस्तं जानं कोन मोजतं?"
मग म्हणाले, "तू काय भरतंस गाडीत?"
शिवणयंत्रं.
"हलकी हायेत," ते म्हणाले,
जरा नाराज होऊन.

आरटीओत साहेबांनी दोनदा वाकून चेसिस नंबर वाचला,
तिसऱ्यांदा उगाच हात फिरवला. पास.

आता रोज काढते.
सकाळी चोक, दोनदा पंप, एक शिवी,
दार दुसऱ्यांदा आपटल्यावर लागतं.
खारेगाव, मानपाडा, कोपरी,
ब्लाउजवाल्या, पडदेवाले, एक पॅराशूटचं कापड शिवणारा.

पण कांडी चुकते.
वैतींचं भिवंडीचं पेट्रोल
माझं कळव्याच्या पुलावरच संपलं,
मागे हॉर्न, हातात कॅन.
गावं जिथल्या तिथे आहेत,
रस्ता तेवढाच आहे,
मधे उभं राहणं वाढलंय.

म्हणून कांडीच्या दुसऱ्या बाजूला
माझ्या खाचा पाडायला घेतल्यात.
कापूरबावडी, सकाळी.
तिच्या बऱ्याच वर:
कापूरबावडी, संध्याकाळी.

आज बुधवार.
कांडी वैतींच्या बाजूने मुंब्र्यापर्यंत ओली,
माझ्या बाजूने कोपरीपर्यंत, काठावर.
मागे पाच मशिनं, गोधडीत बांधलेली.
त्यातलं हिरवं, पायाचं,
ताम्हाणेबाईंचं आहे.
ते स्वतः खाली आले होते ठेवायला.
डागाकडे बघितलं नाही.
म्हणाले, "हळू न्या. आईचं आहे."