एका कान्याचा फरक

नंदुरबारला मे महिन्यात रात्री दोनलाही
भिंतीला हात लावला तर लागते
तापातल्या माणसाच्या पाठीसारखी.
आत रक्ताचा फ्रिज चार अंशांवर.
वीज गेली, जनरेटर दोनदा खोकला, वीज आली;
मी आधी आलेखाची सुई पाहिली, मग पंखा.

नमुना आला. चिठ्ठीवर
रुमली गेमा पावरा, वय नऊ,
धडगावच्या वरचा कुठलासा पाडा,
सिकलसेल, हिमोग्लोबिन चार पूर्णांक दोन.
खाली लाल शाईत ‘तातडीचे’
आणि त्याखाली कागद फाटेल अशी रेघ.

नळी फिरवली. थेंब टाकले.
बी पॉझिटिव्ह, पेशीही तेच म्हणाल्या, सीरमही तेच.
बीच्या तीन पिशव्या शिल्लक.
सुकलाल खोका घेऊन दारात,
‘ताई, कसाले उशीर करी राहिनी?’

मग जुनी नोंद.
रोज उघडायची, रोज जुळते,
आणि रोज जुळते म्हणूनच एखाद्या रात्री
हात म्हणतो, राहू दे आज.
फेब्रुवारी, पान एकशे बारा:
रुमली गेमा पावरा. ओ पॉझिटिव्ह.
अक्षर माझं. सही माझी.

पाडा सुटतो, आडनावं बदलतात,
बाप पोरीला शाळेत घालताना जन्मतारीख
एक जून सांगून मोकळा होतो.
रक्त असलं काही करत नाही.

वॉर्डात फोन लावला. डॉक्टर निकुंभे म्हणाले,
‘पोरगी धापा टाकतेय आणि तुम्ही वह्या चाळताय?’
चोविशीचा असेल, छत्तीस तास जागा.
मी म्हटलं, नवा नमुना हवा.
फोन आपटल्याचा आवाज कानात राहिला,
आणि त्याच कानाने मी जिना चढले.

वॉर्डात एका पंख्याखाली दोन खाटा.
दोन पोरी, दोघींच्या अंगावर आश्रमशाळेचा हिरवा फ्रॉक,
दोघींचे डोळे पिवळे.
‘नाव काय तुझं?’
‘रुमली.’
शेजारची झोपेतून म्हणाली, ‘रुमली.’
बापाचं?
पहिलीने गेमा म्हटलं, दुसरीने गोमा.

गेमाला एक काना दिला की गोमा होतो.
कोकणी सिस्टरच्या ट्रेमध्ये दोन नळ्या होत्या,
एका हाताला सलाइन, दुसऱ्यात पेन,
वॉर्डात एकेचाळीस पेशंट आणि ती एकटी.
तिने माझ्याकडे पाहिलं आणि खालचा ओठ दाताखाली धरला.
मी काही बोलले नाही. माझ्याही हातून कधी
कुठे काना सुटला असेल,
आणि दुसऱ्या कुणी जिना चढून आलं असेल.

मनगटावरची पट्टी वाचून, खाटेपाशीच
पुन्हा रक्त घेतलं, नळीवर तिथेच नाव लिहिलं,
शाई वाळेपर्यंत दोघी उभ्या राहिलो.
ओ निघालं. जुळणी नीट झाली.
तीन वाजून दहा मिनिटांनी पिशवी गेली.
तिच्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर.
सुकलालने ती छातीशी धरली
जसं कुणी तान्हं मूल उन्हातून नेतं,
खोका असूनही.

पहाटे गेमा खाली आला, कमरेला टॉवेल, पायात काही नाही.
‘रगत कोणाचं होतं?’
माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नसतं.
सावद्याच्या केळीच्या गाडीवरचा हमाल असेल,
भुसावळच्या रेल्वेतला फिटर असेल.
तो थोडा वेळ फ्रिजकडे बघत राहिला.
मग म्हणाला, ‘थंड आहे इथं,’ आणि बाकावर टेकला.

मी हुकलेल्या चुकांची वही काढली.
काय घडले: नमुन्यांची अदलाबदल, वितरणापूर्वी लक्षात.
कुणाकडून, हा रकाना या वहीत मुद्दामच नाही.
परिणाम:
तिथे पेन जरा थांबलं.
‘काही नाही’ असं लिहिलं,
दोन्ही काने नीट, रेघेला चिकटवून.

मग सहाचं तापमान घेतलं. चार पूर्णांक एक.
बाकावर गेमा झोपला होता, तोंड उघडं.
पंखा त्याच्याकडे वळवला.