कढीपत्त्याच्या कुंडीत

डासांच्या अळ्या शोधायला पालिकेचा माणूस येतो
महिन्यातून एकदा.
ग्रिलमध्ये कमरेपर्यंत शिरतो,
एकेका कुंडीखालची थाळी उचलतो,
टॉर्च मारतो, नाक मुरडतो.
या वेळी टॉर्च बंद करून तिथेच थांबला.
"ताई, हे तुम्ही लावलं?"

नाही. मी कढीपत्ता लावलाय.
तोही आईने दिलेला, रुसका, चार वर्षांत वीतभर.
हे त्याच्या बुडाशी आपणहून आलं,
सरळसोट, लवदार देठाचं.
दोनदा उपटायला हात घातला
आणि दोनदा कुकरची शिट्टी झाली.
मग दिवाळी गेली. परवा सकाळी बघते तर
पानांच्या बगलेतून खाली मान घातलेली फुलं,
घंटेसारखी. पांढरी म्हणावीत
तर आत फिकट जांभळी रेघ,
वहीत समास आखावा तशी.
संध्याकाळी पत्र्यावर पडलेली.
सकाळी पुन्हा नवी.

तळमजल्याच्या फुर्ताडोबाई म्हणाल्या, विषारी असेल, काढ.
फोनला फोटो दाखवला, तर तो म्हणाला फॉक्सग्लोव्ह,
थंड डोंगराळ प्रदेशात आढळते.
भांडुपात?

सुकलाल मूळचा चोपड्याकडचा.
(नाव त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर वाचलं.
सहा वर्षं येतोय.)
म्हणाला, "तीळ हाय ताई. काळा तीळ.
आमच्याकडे कपाशीच्या कडेला असतो."
आणि फुलाला बोट न लावता
थाळीतलं पाणी तेवढं ओतलं,
वहीत टिक केली, शेजारची बेल वाजवली.

मी ग्रिल धरून उभी.

सर्वपित्रीला भाऊ मस्कतहून म्हणाला होता,
तूच कर गं, तुला कोण विचारतंय.
मी केलं. मंत्र मोबाइलवर, समोर ताम्हन,
पाणी अंगठ्याच्या बाजूने सोडायचं एवढंच माहीत.
नाव घ्यायचं तिथे अडखळले.
दादांना मोरेश्वर अशी हाक
मी कशाला मारली असेल कधी?
मग ते तिळाचं पाणी
सिंकमध्ये ओतवेना.
खाडीपर्यंत जायला वेळ नव्हता,
साडेनऊला मीटिंग,
म्हणून हाताशी होती ती कुंडी.

तोंडात तीळ भिजत नाही
असं आमच्या घरात कुणालाही म्हणता यायचं.
दादा सोडून.
दादांच्या तोंडात तीळ भिजायचा,
वर्षानुवर्षं भिजत राहायचा.
रंगाची कंपनी बंद पडली तेव्हा
अकरा महिने रोज डबा घेऊन निघायचे, सात चाळीसला,
आणि राणीच्या बागेत जाऊन बसायचे.
पिंजऱ्यांकडे नाही. झाडांकडे.
संध्याकाळी डबा रिकामा
आणि चपलेला लाल माती.
आईने माती पाहिली, चपला धुतल्या, विचारलं नाही.
तिच्याही तोंडात एखादा असणार.

मला कळलं ते त्यांच्यानंतर.
कपाटात विम्याच्या कागदांखाली
एक वही सापडली, शाळेची, दुरेघी.
खोडांवरच्या पाट्या जशाच्या तशा उतरवलेल्या:
उर्वशी. कैलासपती. गोरखचिंच.
समोर तारीख.
ज्या दिवशी फूल दिसलं
त्या दिवशी तारखेपुढे लहानशी फुली.
पगाराचा रकाना मात्र कुठेच नाही.

घरात त्यांनी कधी एक गुलाब आणला नाही.
कुंड्यांना म्हणायचे, डासांची सोय.

सुकलाल लिफ्टमध्ये शिरता शिरता ओरडून सांगून गेला,
"बोंडं पिवळी झाली की तोडा हां ताई,
एकदा उकललं की आत काही राहत नाही."

आज पत्र्यावर पाच फुलं होती.
झाडली नाहीत.
भावाला फोटो पाठवला.
हे काय उगवलंय, त्याने विचारलं.
ओळख, मी लिहिलं.

दोन निळ्या खुणा.

बोंडं वाळायला अजून तीनेक आठवडे आहेत.