सोन्याचा धूर

नारिंगी झाकणांच्या बाटल्या, एक्केचाळीस.
पाच हजार मीटरवर लघवीसुद्धा
माझ्या हातात येईस्तोवर कोमट राहत नाही.
पत्र्याच्या दवाखान्यासमोर खाणवाल्यांची रांग,
गालात कोकाची पानं, तोंडात थट्टा :
"डॉक्टरीणबाई, सोनं निघालं तर निम्मं तुमचं."
मी डॉक्टर नाही. मी चिठ्ठ्या चिकटवते,
थंड पेटी मांडीवर घेऊन
सहा तास बसने खाली उतरते, हुलियाकाला.

तिथे ॲसिडचे थेंब, मग आर्गॉनची ज्योत,
सूर्याहून तापते म्हणे.
मी तिच्याकडे बघत नाही, आकड्यांकडे बघते.

तेवीस नंबर. एर्मोहेनेस आपासा, वय अडतीस,
धोंड्यावर उभा राहून झुलत झुलत
खडक दळणारा, रेड्यासारखा माणूस.
क्रिएटिनिन इतकं कमी
की मी नमुना पुन्हा लावला.
कुठेतरी पाणी मुरत होतं.
कंपनीची नोटीस मीही वाचली होती :
ज्याचा पारा वर, तो घरी.

पंचेचाळीस भागिले शून्य पूर्णांक चार.
एकशे साडेबारा.
पाणी घालणाऱ्याला हा भागाकार माहीत नसतो.

पुढच्या खेपेला मी थेट त्याच्या दारात.
पाणी घातलंस का, विचारलं.
तो बुटांकडे बघत राहिला.
"पाणी नाही बाई. ती बाटली विल्बेरची.
म्हटलं, पोराची स्वच्छ असेल.
तो खाणीत पाऊलही टाकत नाही."

मागे चूल. चुलीवर बटाटे,
शेजारी सार्डिनचा काळा पडलेला डबा.
रोज रात्री त्यात पाऱ्याचा गोळा तापतो,
पारा उडून जातो,
तळाशी हरभऱ्याएवढं पिवळं उरतं.
सोन्याचा धूर निघणारं घर ते, अगदी शब्दशः.
आणि चुलीला पाठ लावून, उबेला,
सहा वर्षांचा विल्बेर गृहपाठ करत होता.
पट्टीने आखलेल्या त्याच्या रेघाही
बारीक बारीक हलत होत्या.

मी म्हटलं, आधी खिडकी उघड.
उघडेना. थंडीसाठी, आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठी,
त्यानेच ती खिळ्यांनी ठोकून घेतली होती.
तो पक्कड घेऊन आला. काही बोलला नाही.
पहिला खिळा निघाला, दुसराही.
तिसऱ्याचं डोकं तुटून हातात आलं.