घरचं मैदान

अजमानला, सिमेंटच्या गोदामांमागे,
पेलिकन्सचं मैदान होतं.
स्टेडियम म्हणायचे ते. पत्र्याचे तीन बाक
आणि एक फळा, ज्याचे आठाचे आकडे हरवलेले,
म्हणून आठ रन झाले की आम्ही
दोन शून्यं एकावर एक टांगायचो.

मी तिथला माळी. व्हिसावर क्लीनर.
गवत कुठलं, हिरवी चटई, झाडून काढायची.
मधोमध मात्र खरी माती, लाल,
जहाजातून आलेली.
पहिलं पोतं फोडून हात घातला
तर थेट राजापूरच्या सड्यावरची वाटली.
कुणी बघत नाहीसं पाहून जिभेवर ठेवली.
नव्हती.

पहिला महिना मी विचारत होतो, ओव्हर कधी संपते?
रोडेल, बॉल फेकणारा, दिवसा लिफ्टा दुरुस्त करायचा,
म्हणाला, ओव्हर नसते.
फटका मारायचा आणि पळत सुटायचं,
नव्वद फूट, वळायचं, नव्वद, वळायचं, नव्वद,
आणि निघालास तिथंच परत यायचं.
मग एक रन.
एवढ्यासाठी?
त्यानं बाटलीतलं उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं.

प्रेक्षक चाळीसेक.
उम्म अल कुवैनचे क्रॅब्स आले की साठ,
त्यांच्या कप्तानाची बायको शेवयांचं पातेलं आणायची म्हणून.
टँकरवाला गुल जमान
कुंपणापलीकडचे बॉल शिव्या घालत शोधून आणायचा
आणि संघाच्या फोटोत हक्कानं उभा राहायचा.

माझी मॅच नंतर सुरू.
कोण घसरला, कोण अर्ध्या वाटेतून मागे फिरला,
सगळं मातीत लिहिलेलं. वाचायचो,
मग दाताळं ओढून पुसायचो.
व्हिडिओवर हेमलता म्हणायची,
पाय दाखवा. हे कुठल्या वाळवंटातले घोटे?

होम प्लेट पांढऱ्या रबराची, पाच कोपऱ्यांची.
बॉल फेकणाऱ्याच्या टेकाडावरून
पोरं पाटीवर काढतात तसं घर, वर टोकदार छप्पर.
मागून पाहिलं तर तेच घर उलटं.
मी रोज मागून पुसायचो, गुडघ्यांवर बसून.

मार्चमध्ये जागा गेली. जुन्या गाड्यांचं यार्ड होणार.
शेवटच्या मॅचला आठ-आठ,
फळ्यावर चार शून्यं,
रोडेल तिसऱ्या बेसवर, पुढे वाकलेला,
आणि वारा असा उठला
की दिव्यांखाली नुसती वाळू.
पुढे कधीतरी पूर्ण करू म्हणाले.

माती अकरा पोत्यांत भरली.
ती फुजैराच्या वाटेवरच्या नव्या मैदानाला गेली,
तिथं कंत्राटदाराची माणसं होती.
प्लेट निघेना. गुल जमाननं पहार आणली.
खालची माती गार होती,
इतक्या वर्षांत तिच्यावर कुणाचाच पाय पडला नव्हता.

आता ती आमच्या खोलीच्या दारात आहे.
सातजण तिच्यावर चपला काढतात.
टोक आत करावं की बाहेर,
अजून माझं ठरत नाही.

परवा रोडेल आला, सामान्यांची पिशवी घेऊन.
उंबऱ्याशी थबकला, खाली पाहिलं,
दोन पावलं मागे गेला, आणि धावत येऊन
बुटासकट पाय आपटला.
नऊ-आठ, म्हणाला.

नऊचा आकडा होता आपल्याकडे,
मी म्हटलं.